मुंबई वर कशी गेली, आणि आपल्या गावचा एफएआर

आमच्या गावच्या ग्रामसभेत डोंगराच्या उतारावर येऊ घातलेल्या एका मोठ्या गृहप्रकल्पाचा विषय निघाला होता. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं गाव, सभा पंचायतीच्या सभागृहात, पंखे फिरतायत आणि बाहेर दुचाक्यांची रांग. तरुण मुलं तावातावाने बोलत होती. एफएआर (जमिनीच्या मानाने किती बांधकाम करता येतं तो आकडा) किती, झोन कुठला, कन्व्हर्जन (जमिनीचा वापर बदलायची परवानगी) कधी झालं, अशी चर्चा तासभर चालली. मग मागच्या खुर्चीवरून एक वयस्क भाई उठले आणि म्हणाले, “तें सगळें जालें. म्हणजे कितले माळे?” कितले माळे, म्हणजे किती मजले.

सभेत कुणीच उत्तर दिलं नाही. मी एका स्थापत्य अभियंत्याच्या कचेरीत नकाशे काढतो, एफएआरचा आकडा माझ्या रोजच्या कामातला. तरी मलाही एका वाक्यात सांगता आलं नाही, आणि ते मला फार लागलं. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. ज्याच्या घरासमोर इमारत उभी राहणार आहे, त्याला ती किती उंच असेल हे कळायलाच हवं.

उत्तर लांब आहे आणि ते मुंबईवरून जातं. आपल्याकडच्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी मुंबईला असतो. माझे मामा गिरगावात चाळीत राहायचे. लहानपणी मे महिन्यात तिथे गेलं की गच्चीवरून आजूबाजूच्या चाळींची कौलं दिसायची. आता त्याच भागात मान वर करून पाहावं लागतं. हे कसं घडलं ते नीट कळलं, की ग्रामसभेतला आकडाही कळतो.

आधी थोडं वजनाबद्दल.

जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर संत ऑगस्टीनच्या चर्चचा पडका मनोरा आहे. १६०२ साली पूर्ण झालेला, चिऱ्यांचा, उंची ४६ मीटर. आजच्या हिशेबाने पंधरा मजल्यांएवढा. असे एकूण चार मनोरे त्या चर्चला होते. १८३५ मध्ये धर्मसंघांना हाकललं गेलं, मठ ओस पडला, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंतीसह मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. उरला तो अर्धा पाहायला गेलात तर घंटा कुठे असायची याकडे नंतर बघा, आधी भिंतींची जाडी बघा. चिऱ्याच्या बांधकामात वरचा प्रत्येक थर खालच्या थरावर बसतो. जेवढं वर जाल तेवढं ओझं खाली साठत जातं, आणि ते पेलायला खालची भिंत जाड करत जावी लागते. मनोऱ्यात ते चालतं, कारण आत कुणी राहत नसतं. राहायच्या घरात मात्र एक वेळ अशी येते की तळमजल्यावर खोल्यांपेक्षा भिंतीच जास्त जागा खातात.

अमेरिकेत शिकागोला मोनॅडनॉक नावाची इमारत आहे, १८९१ सालची, सोळा मजली. तिचा जुना भाग विटांच्या भिंतींवरच उभा आहे आणि तळाशी त्या भिंती सुमारे सहा फूट जाड आहेत. विटेच्या भिंतीची मर्यादा कुठवर, ते ती इमारत आजही दाखवते. गंमत अशी की तिच्या आधीच, १८८५ मध्ये, त्याच शहरात होम इन्शुरन्स बिल्डिंग उभी राहिली होती. विल्यम ल बॅरन जेनी या अभियंत्याने तिथे ओझं भिंतींवरून काढून लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर दिलं. आधी दहा मजले होते, पुढे आणखी दोन चढवले. आपण मांडव घालतो तसंच ते. वासे आणि खांब वजन उचलतात, झापं फक्त ऊन अडवतात. भिंत झापासारखी झाली, तेव्हा ती काचेचीसुद्धा चालू लागली.

लिफ्टचं श्रेय एलिशा ओटिस यांना जातं. दोर तुटला तरी पाळणा खाली आदळू नये अशी पकड त्यांनी १८५० च्या दशकात लोकांसमोर करून दाखवली. त्याआधी वरचे मजले स्वस्त असत, कारण जिने कोण चढणार? लिफ्ट आली आणि तेच मजले सगळ्यांत महाग झाले. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे लक्षात ठेवा, कारण उंचीमागचा पैसा इथून सुरू होतो.

उरला वारा. चाळीस मजल्यांच्या पुढे अभियंत्याला वजनापेक्षा वारा जास्त छळतो. इमारत म्हणजे जमिनीत रोवलेला एक खांब. उंची दुप्पट केली की बुंध्याशी मोडण्याचा जोर चौपट होतो, आणि वर वारा अधिक वेगाने वाहत असल्यामुळे प्रत्यक्षात चौपटीपेक्षाही जास्त. यावर ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांनी शिकागोत बसून तोड काढली. त्यांनी आधाराचे खांब इमारतीच्या बाहेरच्या कडेला जवळजवळ उभे केले आणि सगळी इमारत एका पोकळ नळीसारखी काम करू लागली. बांबू आतून पोकळ असून वाऱ्यात का टिकतो, तेच इथे लागू होतं. सगळा ताकदीचा माल कडेला असेल तर तेवढ्याच मालात वाकण्याला जास्त विरोध होतो. १९७० च्या दशकातला त्यांचा सिअर्स टॉवर ४४२ मीटर उंच आहे.

म्हणजे १९७० पर्यंत जगाला पन्नास-शंभर मजले कसे बांधायचे ते कळलं होतं. मग मुंबई तेव्हाच का उंच झाली नाही, आणि नंतर अचानक का झाली? इथे तंत्र संपतं आणि कागद सुरू होतो.

मुंबईच्या जुन्या क्षितिजावर सगळ्यांत उंच होता विद्यापीठाचा राजाबाई मनोरा. १८७८ साली पूर्ण झालेला, ८५ मीटरचा, घड्याळ दाखवणारा. बाकी सगळीकडे गिरण्यांची धुरांडी. १९६० च्या दशकात कारमायकेल रोडवर उषाकिरण ही पंचवीस मजल्यांची इमारत आली, उंची सुमारे ८० मीटर. १९७० च्या सुमारास कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटर दीडशे मीटरच्या वर गेलं. मग नरिमन पॉइंटला एअर इंडियाची आणि इतर कंपन्यांची रांग लागली. ती जमीन समुद्रात भराव टाकून केलेली, म्हणून तिथे खांब थेट जमिनीवर उभे करता येत नाहीत. खाली खडक लागेपर्यंत पाइल, म्हणजे जमिनीखालचे लांब खांब, उतरवावे लागतात. पणजीच्या सखल भागात काम केलेल्या कुणालाही हे सांगायला नको, आपल्याकडेही दलदल बुजवूनच शहर वाढलं आहे.

पण हे सगळं शहराच्या दक्षिण टोकाला, श्रीमंतांच्या टेकड्यांवर आणि भरावावर. लालबाग, परळ, भायखळा, दादर तेव्हा बुटकेच होते. याचं कारण १९६४ च्या विकास आराखड्यापासून लागू झालेला एक आकडा, एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. आपण गोव्यात त्यालाच एफएआर म्हणतो. फरक लिहिण्याचा आहे. मुंबईत एक, सव्वा, दोन असं लिहितात आणि आपल्या नियमांत ६०, ८०, १००, २०० असं शेकड्यात. आपला १०० म्हणजे मुंबईचा १.

अर्थ सोपा आहे. जमीन जेवढी, तिच्या किती पट बांधकाम सगळे मजले मिळून करता येईल, ते हा आकडा सांगतो. दोन हजार चौरस मीटरचा प्लॉट आणि एफएआर ८० असेल, तर सगळे मजले मिळून १६०० चौरस मीटर. बस्स, यापलीकडे तो काही सांगत नाही. मजले किती, याबद्दल तो गप्प असतो. भाईंच्या प्रश्नाला सभेत उत्तर मिळालं नाही ते म्हणूनच.

तेच १६०० चौरस मीटर तुम्ही प्लॉटच्या ४० टक्के भागावर पसरलात, म्हणजे ८०० चौरस मीटरवर, तर दोन मजले होतात. २० टक्क्यांवर बांधलंत तर चार. १० टक्क्यांवर, तर आठ. बांधकाम तेवढंच, राहणारी माणसं जवळपास तेवढीच, पण एक इमारत माडांच्या खाली लपते आणि दुसरी तीन गावांतून दिसते. बिल्डर सडपातळ आणि उंच का निवडतो? वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो आणि दिसण्याचे पैसे मिळतात. लिफ्टने उलटी केलेली किंमत ती हीच.

मुंबईच्या बेटावर १९९१ च्या नियमांत हा आकडा १.३३ होता, उपनगरांत १. एवढ्या कमी आकड्याने गगनचुंबी शहर होईल असं कुणाला वाटलं नसतं. तरीही ते झालं. माझ्या मते मुंबईच्या आजच्या क्षितिजाची खरी किल्ली इथे आहे: शहर मूळ आकड्याने वाढलं नाही, ते सवलतींनी वाढलं. आजच्या मुंबईचा फोटो घ्या आणि प्रत्येक टॉवरवर बोट ठेवून विचारा, याला जादा एफएसआय कशासाठी मिळाला? बहुतेकांना काही ना काही उत्तर असतं.

जुनी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी, चाळ पाडून रहिवाशांना तिथेच घर दिलं, तर मालकाला जादा बांधकाम. मामांच्या गिरगावात हेच झालं. भाडेनियंत्रणामुळे भाडं वर्षानुवर्षं गोठलेलं, त्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून चाळ खचत गेली, आणि शेवटी ती पाडून जागी टॉवर आला. झोपडपट्टीवासीयांना मोफत घर दिलं, तर उरलेल्या जागेत विक्रीचे मजले. ताडदेवचे इम्पीरियल टॉवर, सुमारे २५४ मीटरचे, २०१० साली पूर्ण झालेले, असेच झोपडपट्टी पुनर्वसनातून उभे राहिले. रस्त्याला किंवा मैदानाला जमीन सोडली, तर पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हक्क, जो दुसरीकडे नेऊन वापरता किंवा विकता येतो. या हक्कांचा ओघ शहराच्या उत्तरेला उपनगरांकडे वळवला गेला, म्हणून बेटावर वाचलेले मजले अंधेरी-कांदिवलीला उगवले. प्रत्येक सवलतीमागचं कारण ऐकायला चांगलंच होतं, काही तर खरोखरच चांगली होती. पण पाणी, गटार, रस्ता आणि लोकल गाडी या सवलतींबरोबर वाढली नाहीत.

आणि मग गिरण्या. यावर थोडं थांबायलाच हवं, कारण मुंबईचं क्षितिज सगळ्यांत जास्त बदललं ते इथे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, त्यांत कोकणातले आणि घाटावरचे हजारो. तो संप रीतसर मागे असा कधी घेतला गेलाच नाही. गिरण्या विझत गेल्या. मागे राहिली शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कागदावर किती सुंदर! परळच्या छातीत एक मोठी बाग आली असती.

१९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारने या जमिनींचा एकत्र आराखडा करायला एक समिती नेमली, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली. कोरिया मूळचे गोंयकार. तुटक तुटक प्लॉट न विकता जमिनी एकत्र करून त्यातून रस्ते, मैदानं, घरं काढावीत, असा त्यांचा रोख होता. तो अहवाल बाजूला पडला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीची करायची असं ठरलं. ज्या जमिनीवर गिरणीचं बांधकाम उभं आहे ती वाटणीतून वगळली. गिरणी म्हणजे शेडच शेड, मोकळी जमीन असणार ती किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. एका दुरुस्तीने शहराच्या वाट्याची बाग आटली आणि लोअर परळचं क्षितिज ठरलं. श्रीनिवास मिलच्या जागेवर आज वर्ल्ड वन उभा आहे, २८० मीटर. धुरांडी गेली, त्यांच्या जागी दिवे आले. तिथून पूल ओलांडून स्टेशनला जाताना रोज संध्याकाळी किती माणसं एकमेकांना रेटत असतात ते ज्यांनी अनुभवलंय, त्यांना गणित वेगळं समजवायची गरज नाही.

कोरियांचं नाव आलंच आहे तर एक जोडी सांगतो. मुंबईत पेडर रोडच्या बाजूला त्यांची कांचनजंगा इमारत आहे, २८ मजल्यांची, ८४ मीटर उंच, आणि एवढ्या उंचीत घरं फक्त ३२. पश्चिमेला समुद्र आहे, पण दुपारचं ऊन आणि पाऊसही तिकडूनच येतो. त्यांनी घरांच्या कोपऱ्यांत दोन मजली उंच गच्च्या कोरल्या आणि राहत्या खोल्या आत ओढून घेतल्या. आपल्या घराची ओसरी जे काम करते तेच, फक्त आकाशात. ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. जवळपास त्याच काळात त्यांनी पणजीला कांपालवर कला अकादमी उभी केली, मांडवीच्या काठाला टेकलेली, इतकी बसकी की झाडांच्या आडून ती पटकन नजरेत भरत नाही. तळमजल्यावरून आरपार चालत गेलं की समोर नदी. एकच माणूस एका शहरात आकाशाकडे जातो आणि दुसऱ्यात जमिनीला बिलगतो. दोन्ही ठिकाणी त्याने जागेला काय पेलेल ते आधी विचारलेलं दिसतं. कांपालवरून जाताना हे मला दर वेळी आठवतं.

आता गोवा. आपलं क्षितिज कशाने बनलेलं होतं? मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ, चर्चचे जोड मनोरे, आणि माड. ते खाली राहिलं, त्यात नियमांचा वाटा मोठा आहे. समुद्रकिनाऱ्यावर गावांच्या हद्दीत भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, आणि २०० ते ५०० मीटरमध्ये ९ मीटर उंची, तळमजला आणि वर एक, असं १९९१ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी क्षेत्राच्या, नियमाने बांधून दिलं. माड सहज त्याच्या दुप्पट उंच जातो. दाबोळी विमानतळाच्या भोवती विमानांमुळे उंचीची वेगळी मर्यादा आहे. आणि २००७ च्या जानेवारीत लोक रस्त्यावर उतरले म्हणून २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा सरकारला मागे घ्यावा लागला, हेही त्या क्षितिजात धरायला हवं. आराखडा मागे घेतला गेला तेव्हा मी शिकत होतो. एका रंगीत नकाशासाठी एवढी माणसं चिडू शकतात हे पाहून मी या कामाकडे वळलो, असं म्हटलं तरी चालेल.

ग्रामसभेनंतरच्या रविवारी मी भाईंच्या घरी गेलो. कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, कडेला त्यांचं घर. दारापुढच्या बाल्कांववर बसून एका कागदावर त्यांना मांडून दाखवलं. आपल्या नियमांच्या तक्त्यात एफएआरच्या शेजारी आणखी दोन रकाने असतात: कव्हरेज, म्हणजे जमिनीच्या किती टक्क्यांवर बांधायचं, आणि कमाल उंची. तिन्ही एकत्र वाचले तरच मजले कळतात. सभेत सगळे पहिल्याच रकान्यावर भांडत होते. एफएआर ८० चा १०० झाला, तर मघाच्या प्लॉटवर ४०० चौरस मीटर वाढले, आणि पसरून बांधलं तर तो अर्धा मजला. उंचीचा रकाना हलला तर मात्र तेच बांधकाम उभं होऊन आकाशात जाऊ शकतं. म्हणून कुठलाही बदल आला, सवलत आली, एखाद्या प्लॉटचा रंग नकाशावर बदलला, की तिन्ही रकाने पुन्हा मागायचे. आणि सवलत कशाच्या बदल्यात, तेही विचारायचं. मुंबईचा अनुभव हाच आहे.

भाईंनी आधी पाण्याचं विचारलं. बरोबरच होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला ओपाच्या पाणीप्रकल्पाची जलवाहिनी फुटली तेव्हा पणजी आणि फोंड्याकडच्या लोकांनी कित्येक दिवस टँकरची वाट पाहिली होती. उंच इमारत आपलं पाणी पंपाने वर नेते, पण खालची जलवाहिनी गावाचीच असते. हे एफएआरच्या कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं, असं मी त्यांना सांगितलं. आगीचंही तसंच. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत उंच इमारतींत गणली जाते आणि तिला अग्निशमनाचे वेगळे नियम लागतात. आपल्या गावच्या अरुंद वळणावरून मोठा बंब आत येईल का, हे पाहायला नकाशा लागत नाही.

मग त्यांनी विचारलं, “खाला गाडयो दवरतात तो माळा?”

तो स्टिल्ट. खांबांवर उभा, बिनभिंतींचा, गाड्यांसाठी. साधारणपणे त्याचं क्षेत्रफळ एफएआरमध्ये धरत नाहीत. मी तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, उताराकडे बघितलं आणि म्हणाले, “म्हणजे तो माळा कागदार ना, पूण दोळ्यांमुखार आसा.”

कागदावर तीन रकान्यांच्या खाली जागा होती. तिथे मी चौथी ओळ लिहिली, स्टिल्ट, मोठ्या अक्षरांत, आणि कागद त्यांना दिला.